सगळे आकडे नॉर्मल, तरीही

नमस्कार श्रोतेहो. "डॉक्टर, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आलंय, पण एसजीपीटी नॉर्मल आहे. मग काळजी नाही ना?" ओपीडीत हा प्रश्न मी सतत ऐकते. फॅटी लिव्हर म्हणजे यकृतात साठलेली चरबी; एसजीपीटी आणि एसजीओटी हे यकृताच्या रक्तचाचणीतले आकडे. आज त्याचं उत्तर कागदावर मांडूया.

समजा वय 52, एसजीओटी 40, एसजीपीटी 36, प्लेटलेट्स 1 लाख 60 हजार. एकही आकडा ठळक छापलेला नाही. आता वय गुणिले एसजीओटी, झाले 2080. प्लेटलेट्सचे 160 धरा, त्यांना 36 च्या वर्गमुळाने, म्हणजे 6 ने गुणा: 960. भागाकार आला 2.17. याला फिब-फोर म्हणतात. तो 1.3 च्या आत असला, तर यकृतात फायब्रोसिस, म्हणजे घट्ट व्रण, फार वाढलेले नसण्याचीच शक्यता जास्त. पासष्टीनंतर ही मर्यादा 2 धरतात. आपला 52 वर्षांचा माणूस 1.3 च्या पुढे गेलाय. त्याची फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी व्हायलाच हवी.

असं का होतं? एसजीओटी आणि एसजीपीटी ही पेशींतली प्रथिनं. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. पण व्रण वाढत गेले की एसजीपीटी उलट खाली येऊ शकतं आणि प्लेटलेट्स हळूहळू घटतात. म्हणून एकट्या एसजीपीटीवर विसंबून राहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काही प्रथिनं तर थेट दोषीच निघतात. 2008 मध्ये अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी पीएनपीएलए-3 या जनुकातला एक बदल दाखवला. त्यामुळे प्रथिनातलं जेमतेम एक अमिनो आम्ल बदलतं, आणि ते प्रथिन चरबीच्या थेंबावर ठाण मांडून बसतं, चरबी सुटू देत नाही. सडपातळ माणसाचंही यकृत चरबीनं भरतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

औषधांचा नेमही आता प्रथिनांवरच आहे. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरॉमला मान्यता मिळाली. ते थायरॉइड संप्रेरकाचा यकृतातला बीटा ग्राहक, म्हणजे संप्रेरकाचा संदेश घेणारं प्रथिन (रिसेप्टर), जागा करतं. हृदयात मुख्यतः अल्फा ग्राहक असतो, त्याला फारसं डिवचत नाही. मात्र गोळीबरोबर आहार आणि व्यायाम सांगितलेलाच आहे. 80 किलोच्या माणसानं 8 किलो उतरवले, तर पुष्कळदा चरबीच नव्हे, व्रणही मागे हटतात.