ढोलीतून पेटीत: सातेरी मधमाश्यांचे स्थलांतर

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. या परिसरातील मधपाळ ज्या माशीवर अवलंबून आहेत, ती सातेरी. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, त्यामुळे तिला पेटीत पाळता येत नाही. सातेरी मात्र झाडाच्या अंधाऱ्या ढोलीत एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते, आणि म्हणूनच मधपेटीतील चौकटी तिला मानवतात.

ढोलीतील वसाहत पेटीत आणण्याचे काम दिवस कलताना सुरू होते. ढोलीच्या तोंडाशी बेताचा धूर दिला की माश्या मध पिऊ लागतात आणि शांत होतात. मग पटाशीने तोंड रुंद करून पोळी एकेक कापली जातात. मधाची पोळी लगेच झाकून बाजूला ठेवतात, कारण सांडलेल्या मधाच्या वासाने मुंग्या आणि परक्या माश्या लुटीला येतात. अंडी-अळ्यांची पोळी चौकटीच्या मापाने कापून केळीच्या सोपाने बांधतात. ती ढोलीत होती तशीच, वरची बाजू वर ठेवून बांधावी लागतात, कारण त्यांतील घरे तोंडाकडे किंचित वर कललेली असतात.

राणी सापडणे अर्थातच आवश्यक आहे, कारण तिच्या गंधाने वसाहत एकत्र राहते. परंतु सातेरीला जागा सोडून जायला फारसे निमित्त लागत नाही, आणि तिला नव्या पेटीत धरून ठेवण्यात राणीइतकाच वाटा या अळ्यांचा असतो. मशाल लावून मध काढणारे लोक हीच पोळी मधाबरोबर पिळून टाकत आले, आणि अशी प्रत्येक वसाहत जंगलाने गमावली, याचे आम्हाला मनापासून दुःख वाटते.

राणी पेटीत गेली की काही कामकरी माश्या दाराशी पोटाचे टोक वर करून पंख हलवतात आणि आपला गंध पसरवतात. त्या मागावर उरलेल्या माश्या आत येतात. फुलांवर गेलेल्या माश्या परतेपर्यंत पेटी जुन्या जागीच ठेवतात आणि अंधार पडल्यावर दार बंद करून हलवतात. पेटी जवळच नेऊन ठेवली, तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेल्या माश्या पुन्हा ढोलीकडेच जातात. म्हणून ती काही किलोमीटर दूर नेणे श्रेयस्कर.

पुढचे काही दिवस साखरेचा पाक देतात आणि दारावर कामकरी माशीला जाऊ देणारी, पण राणीला अडवणारी जाळी बसवतात. फांदीवर लटकलेला थवा पकडला असेल, तर येथे सावध राहावे लागते: त्यातील राणी कुमारी असू शकते, आणि मीलनासाठी तिला बाहेर उडू दिले नाही, तर वसाहतीला कामकरी माश्यांची नवी पिढी मिळत नाही. ढोलीतल्या राणीबाबत ही अडचण सहसा येत नाही. अंडे तीन दिवसांत फुटते. त्यामुळे स्थलांतरानंतर आठवड्याभराने घरांच्या तळाशी उभी अंडी दिसली आणि माश्या पायांवर पराग घेऊन येत असल्या, की मधपाळ जाळी काढून घेतो.