पंधरा मिनिटांचा फेस

मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्याहून निघून सोनगीर, नरडाणा मागे टाकतो, सावळदे येथे तापी ओलांडतो आणि शिरपूरच्या पुढे पळासनेरला सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन भिडतो. पुढच्या बिजासन घाटातून दिवसरात्र धावणाऱ्या अवजड वाहनांमध्ये इंधनाचे टँकरही असतात. समजा, त्यांपैकी एक टँकर वळणावर उलटला, पेट्रोल रस्त्यावर पसरले आणि पेटले. अशा वेळी प्रथम पोहोचणाऱ्या बंबावर चार-पाचच माणसे असतील, आणि पुढचा बंब कदाचित धुळ्याहून, म्हणजे शिरपूरपर्यंतच सुमारे ५० किलोमीटर अंतर कापून, येणार असेल.

माणसे कमी असली की पहिली अडचण पाण्याच्या जोराची येते. २० मिलिमीटर तोंडाच्या नोझलमधून ७ बार दाबाने मिनिटाला सुमारे ७०० लिटर पाणी बाहेर पडते, आणि तेच पाणी नोझल धरणाऱ्याला सुमारे ४५ किलो वजनाच्या जोराने मागे रेटते. पाण्याचा एक पाइप (होज) आवरण्यातच दोन-तीन फायरमन अडकतात. म्हणून मोठा मारा करायचा असेल, तेव्हा बंबाच्या टपावर बसवलेला मॉनिटर, म्हणजे पाण्याची फिरती तोफ, वापरतात. त्याचा धक्का गाडीचा सांगाडा सोसतो, तो फिरवायला एक माणूस पुरतो आणि उरलेली माणसे पंप व पाणीपुरवठा सांभाळायला मोकळी होतात.

मात्र पेट्रोलवर नुसते पाणी मारून भागत नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाणी खाली बसते आणि जळते इंधन त्यावर तरंगत रस्त्याकडेच्या नाल्यात, तिथून शेतात उतरते. त्याऐवजी ९७ भाग पाण्यात ३ भाग फेसद्रव मिसळतात. नोझलपाशी त्यात हवा शिरली की तयार होणारा फेस इंधनावर चादरीसारखा पसरतो, वाफ कोंडतो आणि पृष्ठभाग थंड करतो.

खरी कसोटी इथून पुढे सुरू होते. समजा, पेटलेले थारोळे २०० चौरस मीटरचे आहे. पेट्रोल, डिझेलसारख्या इंधनासाठी मान्य असलेले मिश्रणाचे किमान प्रमाण दर चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर आहे, आणि हा मारा १५ मिनिटे टिकवावा लागतो. हिशेब केला तर मिनिटाला ८२० लिटर, एकूण १२,३०० लिटर मिश्रण आणि त्यासाठी सुमारे ३७० लिटर फेसद्रव लागते. ४,५०० लिटरची टाकी या वेगाने साडेपाच मिनिटांतच रिकामी होते. मारा मध्येच तुटला, तर ज्वाळा फेस खाऊन टाकतात आणि वापरलेले सगळे फेसद्रव वाया जाते. त्यामुळे पुरेसे पाणी व फेसद्रव जमेपर्यंत फेस राखून ठेवणे आणि दरम्यान पाण्याने आसपासची वाहने थंड ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. भोवती जमलेली गर्दी ‘मारा, मारा’ म्हणून ओरडत असताना पथकप्रमुखाने मॉनिटर बंद ठेवणे बाहेरून भित्रेपणासारखे दिसते. प्रत्यक्षात घटनास्थळी घ्यावा लागणारा याहून अवघड निर्णय क्वचितच असेल.

त्यात इथेनॉलची भर पडली आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि अल्कोहोल साध्या फेसातले पाणी शोषून तो फेस मोडते. अशा इंधनासाठी अल्कोहोलला दाद न देणारे वेगळे फेसद्रव लागते. बंबात नेमके कोणते फेसद्रव भरले आहे, हे डब्यावर वाचून ठेवण्याचे काम आग लागण्याआधीचे आहे.

पाण्याचे काय? मे महिन्यात खानदेशातील नाले कोरडे असतात. उपयोगी पडतात ती शेततळी, बागायतीच्या विहिरी आणि पाण्याचे टँकर. टँकर थेट बंबाला जोडून ताटकळत ठेवण्यापेक्षा रस्त्याकडेला ताडपत्रीची घडीची टाकी उभारून त्यात पाणी ओतत गेल्यास टँकर लगेच पुढच्या खेपेला परततो आणि पंप अखंड चालू राहतो.

जिनिंगमधील, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातील, कापसाच्या आगीत गणित बदलते. कच्च्या कापसावरचे नैसर्गिक मेण पाण्याला आत शिरू देत नाही, आणि १७० किलोच्या घट्ट दाबलेल्या गाठीत विस्तव आतल्या आत धुमसत राहतो. तिथे एक टक्क्यापेक्षाही कमी फेसद्रव मिसळलेले पाणी अधिक खोल मुरते; तरीही गाठी फोडून पसरवल्याशिवाय सुटका नसते.

महामार्गावर ज्वाळा विझल्या, तरी पथक मॉनिटरपासून हलत नाही. तापलेल्या डांबरावर आणि उन्हाळी वाऱ्यात फेसातले पाणी लवकर निथळते, चादर विरते आणि वाफ पुन्हा वर येऊ लागते. त्यामुळे थोड्या-थोड्या वेळाने नवा थर द्यावा लागतो आणि फेसातून कोणालाही चालू देत नाहीत. ओघळणारे पाणी मातीचे बांध घालून विहिरींपासून दूर अडवावे लागते, कारण काही फेसद्रवांतील फ्लोरिनयुक्त रसायने जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. त्यांपैकी पीएफओएस या रसायनाचा २००९ साली टिकाऊ घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातील निर्बंधांच्या यादीत समावेश झाला. क्रेन येऊन टँकर उचलला जाईपर्यंत मॉनिटरचे तोंड त्याच्याकडेच रोखलेले असते आणि पंपावरच्या माणसाची नजर टाकीतल्या पाण्याच्या काट्यावर असते.