रस्त्याकडेचं गवत आणि ठेलाऱ्यांची घोडी

(दृश्य : सुरत-नागपूर महामार्ग, साक्रीहून धुळ्याकडे. कडेने मेंढरांचा कळप, मागे बिऱ्हाड लादलेली घोडी.)

साक्री तालुक्यातले ठेलारी, म्हणजे भटके मेंढपाळ, दिवाळी उरकली की मेंढरं घेऊन घराबाहेर पडतात. भांडीकुंडी, अंथरुणं, मेंढरं कोंडायची वाघर, दोन कोंबड्या, एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू, असं सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असतं. शेतात मेंढरं बसवायला जागा मिळाली तर वाडा, म्हणजे मुक्काम, शेतात पडतो, नाही तर रस्त्यालगत. मेंढरांवर चोवीस तास नजर असते. घोड्याचे मात्र पुढचे पाय दोरीने बांधायचे आणि त्याला सोडून द्यायचं रस्त्याकडेच्या गवतावर. फुकटचा चारा, कोण नको म्हणेल?

(दृश्य : घोड्याचं तोंड, अगदी जवळून.)

हे घोडं चरताना नीट बघा. गाय जिभेने गवताचा गुंडा करून ओढते. घोडा वरच्या ओठाने चाचपतो आणि पुढच्या दातांनी जमिनीलगत कातरतो. पण उन्हं तापली, गवत वाळलं, की कुसळीचं ठोंब मुळासकट हातात यावं तसं त्याच्या दातात येतं. मुळाला काळी माती. एक झटका देतो, थोडी माती पडते, उरलेली गवताबरोबर पोटात जाते. नाकपुड्यांवर राखाडी धूळ बसलेली दिसते, तीही आत ओढली जाते.

त्या मातीत शिसं आहे. ते कुठून आलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या अभियंत्याला सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळलं की इंजिन ठोके मारत नाही. १९२३ पासून असं पेट्रोल विकलं जाऊ लागलं आणि मग जगभर तेच चालू झालं. आपल्याकडच्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर, स्कूटरी, लुना, सगळ्या त्यावरच धावल्या. धुरातून बारीक शिसं बाहेर पडायचं आणि बरंचसं रस्त्याच्या आजूबाजूलाच खाली बसायचं. पहिल्या पन्नासेक मीटरात जास्त, पुढे झपाट्याने कमी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बोट पहिलं ट्रककडेच जातं. ट्रक डिझेलवर चालतात आणि डिझेलमध्ये शिसं मिसळत नव्हते. शिसं आलं ते पेट्रोलच्या गाड्यांतून. त्यामुळे त्या काळात उघड्या महामार्गापेक्षा गावातला, स्कूटर-रिक्षांच्या गर्दीतला रस्ता वाईट. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या स्टेशनांबाहेर टांगे उभे असायचे ते नेमके तिथेच. घोड्याच्या तोंडाला तोबरा आणि पुढच्या रिक्षाचा धूर त्याच्या नाकाच्या उंचीवर.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जगात सर्वांत शेवटी, २०२१ साली, अल्जीरियाने गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल बंद केलं. म्हणजे प्रश्न मिटला, असं वाटेल. पण शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, विरघळून जात नाही. मातीच्या वरच्या काही इंचांत बसून राहतं. त्यातून आपली खानदेशची काळी, चुनखडी असलेली चिकण जमीन त्याला घट्ट धरून ठेवते. यात एक बरं आहे, मुळातून शिसं गवतात फारसं चढत नाही. पण मातीसकट ठोंब खाणाऱ्या घोड्याला त्याचा उपयोग काय?

(दृश्य : चढावरून ओझं घेऊन चालणारं घोडं. आवाज ऐकू येऊ द्या.)

निवांत उभं घोडं मिनिटाला दहा-बारा श्वास घेतं, एका श्वासात साधारण पाच लिटर हवा. ओझं घेऊन चढ चढताना हे कितीतरी पटींनी वाढतं. आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. गळ्याशी वाट अरुंद झाली की दुसरी वाट नाही.

शिशाचा घाव बसतो तो नेमका इथे. स्वरयंत्र उघडणारी नस घोड्याच्या शरीरातल्या सर्वांत लांब नसांपैकी एक. डाव्या बाजूची तर छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते. शिसं नसांना खातं, आणि लांब नस आधी सापडते. मग स्वरयंत्र पुरतं उघडत नाही आणि घोडं पळताना घर्रघर्र आवाज काढतं. गिळताना घास अडकतो, कधी अन्नपाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. अंग उतरतं, रक्त कमी होतं. ठेलारी म्हणतो, ‘घोडाले दम लागस.’ आणि हळद-गूळ चालू होतो.

हा आवाज शिशाशिवायही येतो, विशेषतः उंच घोड्यांना, आणि तेव्हा बहुधा डावी बाजूच लुळी पडलेली असते. शिशाच्या विषबाधेत दोन्ही बाजू लुळ्या पडू शकतात. नुसत्या कानाने फरक कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

माझ्या मते आज पेट्रोलच्या जुन्या शिशाहून मोठा धोका बॅटरीतल्या शिशाचा आहे. महामार्गाला लागून ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या उघडून दुरुस्त करणारी टपरी, मागच्या अंगाला फोडलेल्या पेट्या, सांडलेलं आम्लाचं पाणी, आणि त्यापलीकडे हिरवंगार गवत. चाकं बॅलन्स करायला रिमला ठोकलेली शिशाची वजनं निखळून रस्त्यावर चिरडली जातात, तीही धुळीत मिसळतात.

(दृश्य : सारंगखेड्याचा घोडेबाजार, दत्तजयंतीचे दिवस.)

सारंगखेड्याला तापीकाठी गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, भोवरे मोजतं, चाल बघतं. नुकत्याच धावून आलेल्या घोड्याच्या गळ्याला कान लावणारा विरळा. अंगात गेलेल्या शिशाचं सर्वांत मोठं कोठार हाडांत असतं आणि ते वर्षानुवर्षं राहतं. घोडी गाभण राहिली, दूध पाजू लागली, की कॅल्शियमबरोबर ते हाडांतून पुन्हा रक्तात येतं.

खाण्याचाही इथे संबंध आहे. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर पोसलेल्या घोड्याला कॅल्शियम कमी पडतं, आणि कॅल्शियमचा तुटवडा असलेलं आतडं शिसं जास्त शोषतं. म्हणून कोंडा कमी करून लसूणघास किंवा खनिज मिश्रण वाढवणं, हे औषधाइतकंच कामाचं. निदान झालंच, तर पशुवैद्य कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं शिरेतून देतात. ती शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढतात, पण लुळी पडलेली नस परत सुधारेलच असं नाही. आणि उपचार चालू असताना घोडं त्याच गवतावर सोडलं, तर सगळं पाण्यात.

वाडा पडेल तिथे घोडं रस्त्यापासून पन्नास पावलं नव्हे, पन्नास मीटर तरी आत बांधावं. बॅटरीच्या टपरीमागे तर कधीच नाही. आणि कडेचं गवत कापून आणलंच, तर विळा मुळाच्या चार बोटं वरून चालवावा आणि चारा झटकून, धुऊन घालावा.