सुई टोचण्याआधीची पाच मिनिटं

[दृश्य: खुर्चीत रेललेला रक्तदाता. दंडाला पट्टा, मुठीत स्पंजचा चेंडू. सुई अजून टोचलेली नाही.]

निवेदन:
"भीती वाटत नाही ना?"
"छे हो!"

चेंडू मात्र आत्तापासूनच कचाकचा दाबला जातोय.

चिंता मोजायची रूढ पद्धत म्हणजे प्रश्नावली. पण आपण घाबरलोय हे चारचौघांत कागदावर कोण कबूल करणार? म्हणून अभ्यासक छातीवर चिकट इलेक्ट्रोड लावतात आणि हृदयाचंही म्हणणं ऐकून घेतात.

[दृश्य: पडद्यावर ईसीजीची रेघ, क्लोज-अप.]

ही उंच टोकं पाहा. प्रत्येक टोक म्हणजे एक ठोका. आता दोन टोकांमधलं अंतर बघा: ८२० मिलिसेकंद, मग ८६०, मग ७९०. बिघाड नाही हा. श्वास घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांबतात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ सालीच हे नोंदवून ठेवलंय.

यामागे आहे व्हेगस नर्व्ह, मेंदूकडून हृदयापर्यंत येणारी एक नस. मज्जासंस्थेने हात काढून घेतला, तर हृदय मिनिटाला शंभरेक ठोके टाकेल. विश्रांतीत ते सत्तरच्या आसपास राहतं, कारण व्हेगस त्याचा लगाम खेचून असते. भीती वाटली की लगाम सैल सुटतो. ठोके वाढतात, आणि त्यांच्या अंतरातला चढउतार आटतो. हा चढउतार म्हणजेच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही. मनगटावरची घड्याळं 'स्ट्रेस'चा जो आकडा दाखवतात, तोही बहुधा याच हिशेबावर बेतलेला असतो. त्यावर फार भिस्त ठेवू नये, हे आपलं माझं मत.

कारण नुकताच जिना चढून आलात, कॉफी घेतलीत, श्वास रोखून बसलात, तरी आकडा हलतो. म्हणून दात्याला आधी शांत बसवतात. अशा छोट्या नोंदीसाठी १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ५ मिनिटांचा अवधी सुचवला. तुलनाही शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी करून चालत नाही. वयाप्रमाणे एचआरव्ही बदलते. ज्याची त्याच्याशीच.

[दृश्य: नळीतून पिशवीत उतरणारं रक्त.]

रक्त वाहू लागलं की गुंता वाढतो. ४५० मिलिलिटर म्हणजे प्रौढ शरीरातल्या रक्ताचा साधारण दहावा हिस्सा. तेवढं कमी झालं की रक्तदाब सांभाळायला व्हेगस आपणहून मागे सरते. माणूस अगदी निर्धास्त असला तरीही. मग आकडा भीतीचा की गेलेल्या रक्ताचा? म्हणून भीती शोधायची तर सुईच्या आधी.

[दृश्य: दात्याचा चेहरा. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घामाचे थेंब.]

आणि मग काही जणांच्या बाबतीत हे होतं. गप्पा मारणारा माणूस एकाएकी गप्प होतो. जांभई देतो. आधी धडधडणारं हृदय अचानक मंदावतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सैल सुटलेली व्हेगस इथे एकदम लगाम खेचते. गंमत अशी, की नुसती नाडी पाहणाऱ्याला या घडीला वाटावं: वा, निवांत झाला की हा! ठोक्यांचा आकडा कधी, कोणत्या क्षणानंतर आला, हे सोबत नसेल तर तो चक्क उलटी बातमी देतो. समोर उभ्या असलेल्या अनुभवी सिस्टरला ते ओठांवरून आधीच कळलेलं असतं. खुर्ची मागे झुकवली जाते, पाय वर.

[दृश्य: पाण्याचा ग्लास. मग एकमेकांवर आवळलेले पाय.]

पहिल्यांदाच आलेले आणि वयाने लहान दाते यात अधिक सापडतात. त्यांच्यासाठीचे उपाय साधे आहेत: सुईच्या थोडं आधी अर्धा लिटर पाणी, आणि रक्त देताना पाय एकमेकांवर टाकून मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. चेंडू दाबणं चालूच ठेवा, पण आता सिस्टर सांगतील तेव्हा.