मासेमारी येते, पण कुठल्या स्कोअरवर?

ही समोर दोन रांगा करून माणसं दोर ओढतायत ना, ती रापण. होडी दोराचं एक टोक काठावरच सोडून आत जाते, अर्धगोल फिरत जाळं टाकत येते आणि दुसरं टोक लांब तिकडे काठाला आणून देते, मग दोन्हीकडनं ओढायचं, आणि हे ओढणं काही पाच मिनिटांचं नसतं, तासन् तास चालतं.

आता हाच सीन टेबलवर खेळायचाय. हातात वीस बाजूंचा फासा, कॅरेक्टर शीटवर, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदावर, स्किल लिहिलंय मासेमारी. फाशावर जे पडेल त्यात अधिक करायचा आकडा कुठल्या स्कोअरचा, म्हणजे पात्राच्या कुठल्या गुणाचा? ताकद? चपळाई? अजून काही?

आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर घडणारा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन टेबलावर गोष्ट खेळायची असा गेम, बनवतोय आणि आमच्यात सगळ्यात जास्त वाद ह्याच प्रश्नावरून होतात. व्हायलाच पाहिजेत, कारण स्किल कुठल्या स्कोअरला बांधलं त्यावरून त्या जगात कोणाची किंमत किती हे ठरतं.

थोडं मागे जाऊ. 1974 ला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच गेम आला तेव्हा सहा स्कोअर होते, ताकद, बुद्धी, शहाणपण, दम, चपळाई आणि छाप, म्हणजे दुसऱ्यांवर पडते ती, पण आजच्यासारखी स्किलची यादी नव्हती. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्किलला ठरलेला स्कोअर मिळाला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत अठरा स्किल आहेत, त्यातली बुद्धीला पाच, शहाणपणाला पाच, छापेला चार, चपळाईला तीन, ताकदीला फक्त एक. आणि दमाला? एकही नाही. आता दमावर हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येईल त्याचे आकडे, मिळतात म्हणून तो कोणी कमी ठेवत नाही हे खरं, पण खेळताना दमदार माणसाने करायचं काय? मार खायचा, बस. आणि इथे किनाऱ्यावर बघा, निम्मी कामं दमावर चालतात!

म्हणून आम्ही स्किल कुठल्याच स्कोअरला कायमचं बांधत नाही. रापणीचंच घ्या. पाण्याचा रंग बदलला, वर पक्षी घिरट्या घालायला लागले, मासळी आलीय हे ओळखायचं, तर मासेमारी अधिक शहाणपण. दोर ओढायचा, तर मासेमारी अधिक दम, ताकद नाही, कारण एक हिसका कोणीही मारेल पण तिसऱ्या तासाला वाळूत पाय रोवून उभं राहणं वेगळं. आणि मासळी काठावर आली की लिलावात भाव चढवायचा, तर मासेमारी अधिक छाप.

आकड्यात बघू. एक खलाशी आहे, दम 16 म्हणजे फाशाच्या आकड्यात अधिक तीन, शहाणपण 10 म्हणजे शून्य, छाप 8 म्हणजे उणे एक, स्किल येतं त्याचे अधिक दोन. टार्गेट 15, म्हणजे सगळं मिळून 15 किंवा जास्त झालं की जमलं. ओढताना त्याला 55 टक्के चान्स, मासळी ओळखताना 40, लिलावात 35. स्किल एकच पण माणूस लगेच डोळ्यासमोर येतो, दोराला हा पुढे आणि भाव ठरवायला मागे. मला हे फार आवडतं.

ही कल्पना काही आमची नाही. 1991 च्या व्हँपायर द मास्करेड ह्या दुसऱ्या गेममध्ये गुण आणि कौशल्य प्रसंगानुसार जोडतात, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतसुद्धा पर्यायी नियम आहे, त्यात उदाहरणच बेटावरून किनाऱ्यापर्यंत पोहत येण्याचं आहे, तिथे ॲथलेटिक्सला ताकदीऐवजी दम लावायचा. आम्ही वाचलं तेव्हा डोळ्यासमोर दुसरं काय येणार, सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणचा किनारा!

पण धोका आहे. मोकळीक दिली की प्रत्येक खेळाडू आपला तगडा स्कोअर प्रत्येक ठिकाणी घुसवायला बघतो. "माका ताकद लावूक दी रे," हे लिलावातसुद्धा ऐकू येतं. म्हणून नियम कडक: खेळाडूने फक्त काय करतोय ते सांगायचं, स्कोअर गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, ठरवणार, फासा पडायच्या आधी. भाव चढवायला तू नुसता दंड दाखवत उभा राहिलास तर ताकद मिळेल, पण मग समोरचा घाबरून निघून गेला तर तेही तुझंच.

दशावतारालाही हेच. तिथे संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरतं आणि बोलणं रंगमंचावर उभ्या उभ्या घडतं. पुराणातला दाखला सुचणं बुद्धी, प्रेक्षक धरून ठेवणं छाप, पहाटेपर्यंत आवाज टिकवणं दम.

सगळ्यात जास्त वेळ अडलो ते भरती ओळखण्यावर. बुद्धी की शहाणपण? किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा सरळ हिशोब झाला, घरात बसून करता येतो. पण रात्री खाडीच्या तोंडाशी होडी आत घालायची तर तिथी पाठ असून भागत नाही, लाट कुठे फुटतेय आणि पाणी कुठे गप्प आहे हे बघावं लागतं. मग आम्ही फासा टाकण्याचे दोन वेगळे रोल केले. बुद्धीचा रोल जमला तर गेम मास्टर वेळ सांगतो, शहाणपणाचा जमला तर वाट सांगतो. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ज्याला व्हायचंय त्याला दोन्ही स्कोअरला पॉइंट द्यावे लागतात, आणि मग ताकदीला फार काही उरत नाही, तिथे त्याला खलाशी लागतातच.