खुर्चीवर न चढता

(दृश्य : गावभागातली गल्ली, घराचं दार. आतल्या भिंतीवर फिकट तपकिरी रेषा. कॅमेरा रेषेवरून हळूहळू वर.)

सांगलीच्या गावभागातल्या या घरात नवखा माणूस दिवा लावायला गेला, की आधी कमरेच्या उंचीवर भिंत चाचपतो. मग मान वर करतो. बोर्ड तिथं आहेत, दाराच्या चौकटीला जवळजवळ टेकलेले.

भिंतीवरची ही रेषा २०१९च्या ऑगस्टमधल्या पुराची. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. ते उतरल्यावर वायरमननं घरातले सगळे पॉइंट रेषेच्या वर नेले. २०२१ला नदी पुन्हा घरात आली, तेव्हा बोर्ड कोरडे राहिले.

(दृश्य : काकू प्लास्टिकची खुर्ची ओढत आणतात. एक हात भिंतीला, चढतात. गिझरचं बटण. उतरतात. निवेदन नाही, फक्त खुर्चीचा आवाज.)

घरात दोघंच. सर गणिताचे शिक्षक, आता निवृत्त. नातू पुण्यात इंजिनिअरिंगला. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं येताना फराळाच्या रिकाम्या डब्यातून चार पांढरे ठोकळे आणले.

स्मार्ट प्लग. भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा बसतो, याच्या तोंडात आपल्या यंत्राची पिन बसते. मधल्या जागेत तो दोन कामं करतो. मोबाइलवरून चालू-बंद करतो, आणि त्याच्यातून किती वीज गेली ते मोजतो. एकेक साधारण हजार रुपयांच्या आसपास. जाहिरातीत पहिल्या कामाचंच कौतुक असतं, सोफ्यावर पडल्या पडल्या दिवा मालवणारी माणसं. सरांना त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांना मोजण्यात रस होता. आम्हालाही.

(दृश्य : व्हरांड्यातला महावितरणचा मीटर, लुकलुकणारा लाल ठिपका.)

कारण हा मीटर बोलतो, पण एकच वाक्य. महिन्याला इतकी युनिटं. कुणी खाल्ली, ते सांगत नाही. मग लाइट बिल आलं की घरोघरी अंदाजानं आरोपी ठरतो. या घरात तो मान फ्रीजकडे होता. “म्हातारा झालाय, तोच ओढतोय सगळं,” हे सरांचं मत. “तुमचा टीव्ही बघा की आधी,” हे काकूंचं.

(दृश्य : टेबल, वर्तमानपत्र, उघडलेला प्लग. स्क्रू. अगदी जवळून.)

नातवानं एक प्लग उघडून दाखवला. हा भिंतीत नाही, टेबलावर आहे, हे नीट बघा. आतली मोजणारी चिप थेट मेन लाइनशी जोडलेली असते, त्यामुळे प्लग सॉकेटमध्ये असताना आतला प्रत्येक कण जिवंत समजायचा. आतला प्रोग्रॅम बदलायला संगणकाची वायर लावलेला प्लग तर भिंतीत घालायचाच नाही.

ही चौकोनी डबी म्हणजे रिले, विजेनं दाबलं जाणारं बटण. चालू-बंद करताना ‘टक्’ असा आवाज येतो तो हिचा. आणि ही पूल टाकल्यासारखी वाकवलेली धातूची पट्टी. गिझर असो की पंप, सगळा करंट हिच्या पाठीवरून जातो. हिचा रोध एका ओहमचा हजारावा भाग. दहा अँपिअर गेले, तर हिच्या दोन टोकांत फरक पडतो तो जेमतेम दहा मिलिव्होल्टचा. चिप तेवढ्यावरून करंट ओळखते, त्याच क्षणाचा व्होल्टेज बघते, दोन्ही गुणते. आणि ठोके देते. वॅट जास्त, तर ठोके जलद. ज्यांनी जुन्या मीटरमधली फिरती चकती पाहिलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : हरभट रोड. दुकानदार मान हलवतो. दुसरं दुकान. तिसऱ्यात पिवळा बल्ब.)

पण ठोके मोजणारा खरं बोलतोय, हे कशावरून? त्यासाठी हवा जुना, तारेचा, पिवळा बल्ब. एलईडीवर ही परीक्षा घेता येत नाही. तारेच्या बल्बमध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजेच वॅट, मध्ये काही भानगड नाही. शंभर वॅटचा असा बल्ब आता तिसऱ्या दुकानात मिळतो.

(दृश्य : काळोख्या माजघरात बल्ब लागतो. सरांचा चेहरा पिवळा. मल्टिमीटर, वही.)

बल्बवर १०० लिहिलंय, पण ते २३० व्होल्टचं. संध्याकाळी सातला गावभागात आले २२४. करंट ०.४३. सरांनी वहीत गुणाकार केला : ९६. प्लग सांगत होता १०१. नातवानं आकडा दुरुस्त करून दिला, एका ओळीचं काम. पण सरांनी तो प्रयोग पुढे तीन संध्याकाळी केला, आणि आम्ही तिन्ही संध्याकाळी शूट केला. हा प्रकाश पुन्हा मिळणार नव्हता.

दुरुस्ती करता आली ती प्लगमधला मूळ प्रोग्रॅम काढून टास्मोटा नावाचा दुसरा घातला म्हणून. तो मुक्त आहे, फुकट आहे. कंपनीच्या ॲपमध्ये आपल्या घरातला आकडा आधी तिच्या सर्व्हरवर जातो आणि मग आपल्याला दिसायला परत येतो. तुमच्या आंघोळीची वेळ तिला कशाला हवी? इथं सगळं घरातल्या जुन्या लॅपटॉपवर साठतं, होम असिस्टंट नावाच्या प्रोग्रॅममध्ये. सगळ्याच प्लगवर हे जमत नाही, चिपवर अवलंबून आहे. घेण्याआधी विचारून घ्या.

(दृश्य : मोटार सुरू होते. वही. खोडलेला गुणाकार.)

पाण्याच्या मोटारीपाशी सर अडले. प्लग दाखवतो २२८ व्होल्ट, ३.४ अँपिअर, आणि ५४० वॅट. गुणाकार येतो ७७५. एवढी चूक? चूक नव्हती. मोटारीत करंट व्होल्टेजच्या जरा मागून चालतो, पाऊल जुळत नाही. त्यामुळे त्यातला काही भाग काम न करताच तारेतून येतो-जातो. हा पॉवर फॅक्टर, इथं ०.७. घरगुती बिल ५४०चं येतं, ७७५चं नाही. हे कळल्यावर सरांनी फळा असल्यासारखं आम्हालाच समजावून सांगितलं. ते पूर्ण ठेवलंय.

मोटार मात्र प्लगवर तेवढ्यापुरतीच होती, एकदा मोजायला. सुरू होताना ती कित्येक पट करंट ओढते. रोज तसं केलं, तर छोट्या रिलेचे संपर्क तापून एकमेकांना चिकटतात, आणि मग मोबाइलवर ‘बंद’ दिसतं, टाकी मात्र वाहते. रोजच्यासाठी वायरमननं मध्ये काँटॅक्टर बसवला, म्हणजे जास्त करंट झेलणारा मोठा रिले.

(दृश्य : लॅपटॉप. फ्रीजचा ग्राफ, करवतीच्या दातांसारखा.)

हा फ्रीज. वर गेला, थांबला, खाली आला, विसावला. रात्री विसावा लांब, दुपारी आखूड. म्हातारा आहे, पण नियमानं वागतो.

हा सेटटॉप बॉक्स. सरळ रेघ. टीव्ही चालू असो, बंद असो, ११ वॅट. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, जवळजवळ ८ युनिटं. काकू काही बोलल्या नाहीत. बघितलं फक्त.

(दृश्य : गिझरचा ग्राफ. रात्रीचा भाग मोठा करून.)

आणि हा गिझर. सोळा अँपिअरच्या प्लगवर, कारण दोन हजार वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, दहाच्या प्लगवर रोज इतकं ताणत नाहीत. सकाळचा हा उंच कडा आंघोळींचा. तो अपेक्षितच होता. पण हे काय? रात्री पावणेएक, चार मिनिटं. पहाटे साडेतीन, पुन्हा चार मिनिटं. घर झोपलेलं, नळ बंद. टाकीतलं पाणी निवतं, थर्मोस्टॅट जागा होतो, परत तापवतो. कुणालाही नको असलेलं गरम पाणी, रात्रीला पाव युनिट. दिवसभराचं धरलं तर जवळजवळ एक.

गिझर बंद का केला नव्हता? बटण वर होतं. सकाळी एकदा चढलेली खुर्ची पुन्हा कोण चढणार?

(दृश्य : काकू. खुर्ची. काही सेकंद.)

आता गिझर पहाटे सव्वापाचला लागतो आणि सहाला सुटतो. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून ६०वर न्यायला दोन हजार वॅटला पस्तीस मिनिटं लागतात. दहा मिनिटं जास्तीची, थंडीसाठी. पाहुणे असले, तर ओट्याजवळ जुना मोबाइल टांगलाय, त्यावर एकच मोठं बटण : गिझर.

(दृश्य : अंधार. मेणबत्ती. मग ट्यूब लागते.)

पहिल्याच आठवड्यात पहाटे लाइट गेली. पाच चौदाला आली. गिझर लागला नाही. या प्लगच्या पोटात घड्याळाचा सेल नसतो. वीज गेली की त्याची वेळ जाते, आणि ती पुन्हा इंटरनेटवरून विचारावी लागते. राउटर अजून जागा होत होता, वेळ सांगायला कोणी नव्हतं. सरांनी थंड पाण्यानं आंघोळ केली. “अहो, खुर्ची आहे की,” काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी राउटर इन्व्हर्टरवर गेला.

वीज परत आल्यावर प्लगनं काय करायचं, हेही एकेकाचं ठरवून दिलंय. फ्रीजचा लागलाच पाहिजे. इस्त्रीचा बंदच राहिला पाहिजे.

पुढचं बिल कमी आलं. शंभर युनिटांच्या पुढचा दर चढा, त्यामुळे सुटलेलं युनिट महागड्या टोकाचं सुटतं. आणि प्लग स्वतःही खातो, एकेक साधारण एक वॅट. सरांनी तेही वहीत वजा केलंय.

(दृश्य : अंगण, दुपार. काकू त्याच खुर्चीवर बसून शेंगा फोडतात. आतून ‘टक्’.)

खुर्ची आता अंगणात असते. राउटर अडकला, की आत येते.