तीन कामांची एक परीक्षा

सरकारी रुग्णालयातला मेडिसिनचा वॉर्ड. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल चालू आहे. पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी विद्यार्थिनी तळहात घासून गरम करते. गार हात लागला की पोट आवळलं जातं, मग प्लीहा वाढलेली असली तरी बोटांना लागत नाही. चौथ्या विद्यार्थ्यापर्यंत पेशंटही तयार झालेला असतो. "डावीकडं बघा, डॉक्टर," तोच हळूच सांगतो. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक, ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

महाराष्ट्रात ही परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, बाकी राज्यांत तिथली तिथली विद्यापीठं. एक्स्टर्नल कुठे घाम फोडतात, कुठे सांभाळून घेतात. म्हणून 2019च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात अख्ख्या देशासाठी एमबीबीएसच्या शेवटी द्यायची एकच एक्झिट परीक्षा आली : नेक्स्ट.

तिचे नियम आले जून 2023मध्ये. स्टेप 1 म्हणजे सहा पेपर, 540 बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येक पेपरात किमान 50 टक्के. मग वर्षभराची इंटर्नशिप आणि शेवटी स्टेप 2 : प्रात्यक्षिक आणि तोंडी.

कल्पना वाईट नव्हतीच. पण या एकाच परीक्षेवर तीन कामं लादली : शेवटचं वर्ष पास करणं, प्रॅक्टिसचा परवाना आणि एमडी-एमएसचा, म्हणजे पीजीचा प्रवेश. शिवाय परदेशात शिकून आलेल्यांची चाळणीही हीच. आता परवान्यासाठी पेपर असा हवा की नीट शिकलेला कुणीही पास व्हावा. प्रवेशासाठी तो असा हवा की हुशारांतही वरखाली ठरावं. दोन्ही एका पेपरात कसं बसवायचं?

त्यात पीजीचा क्रमांक ठरणार फक्त स्टेप 1च्या गुणांवर. स्टेप 2 नुसतीच पास किंवा नापास. म्हणजे पोटावर ठेवलेल्या त्या हाताला गुणच नाहीत! मग पोरं वॉर्डात थांबतील की क्लासला पळतील?

पहिला नंबर लागणार होता 2019च्या बॅचचा. वॉर्डातली त्यांची पोस्टिंग्ज आधीच कोविडने कापलेली. विरोध झाला. 28 जुलैला सराव परीक्षा ठरली होती, पण त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने नेक्स्ट पुढे ढकलली.

त्या बॅचने शेवटचं वर्ष विद्यापीठाच्याच परीक्षेने पार केलं. पीजीच्या प्रवेशासाठी नीट-पीजी ही वेगळी परीक्षा होतीच. इंटर्नशिपमध्ये सलाईन लावून झालं की कोपऱ्यात उभं राहून मोबाईलवर एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न सोडवणं, तेही चालूच राहिलं.